प्रोब कुठे आहे?



  परिषदेच्या पत्रिकेत माझा विषय ‘इम्प्लांटची वाटचाल’ असा छापलाय. ती थोडक्यात उरकतो. ब्रॅनेमार्क यांनी १९६५ साली गॉथेनबर्गमध्ये पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. तो गृहस्थ २००६ साली वारला, तोवर ते टिकले. आणि आपण दंतवैद्य त्याच्या नावावर ‘जन्मभराचा दात’ विकतो आहोत.

आता बरीच वर्षं पोटात ठेवलेलं बोलतो. आपण इम्प्लांटभोवती हिरडीची खोली मोजायचा प्रोब घालत नाही. का, तर म्हणे हिरडीची पकड सुटेल! अहो, पाव न्यूटनच्या हलक्या हातानं काही सुटत नाही. खऱ्या दाताच्या मुळात हिरडीचे धागे आडवे रुतलेले असतात. इम्प्लांटला ते नुसते कडेकडेनं चिकटून उभे असतात. तिथे सूज धरली की हाड फार दूर नसतं. हिरडी लाल झाली, प्रोब लावताच रक्त आलं, इतक्यावर असेल तर नीट सफाईनं बहुतेकदा मागे फिरवता येतं. हाड गेलं की ते आपण होऊन परत येत नाही. आणि रुग्ण सांगणार काय? बहुधा दुखत नाही. तळाशी थोडं हाड धरून असलं तरी इम्प्लांट हलतही नाही.

सकाळच्या सत्रात भांडण झालं: हाड जंतूंमुळे झिजतं, की शरीर परक्या धातूला नाकारतं म्हणून? माझ्यापुरता निकाल मार्केट यार्डातल्या एका कांद्याच्या व्यापाऱ्यानं लावलाय. मी बसवलेली त्याची खालची दाढ तीन वर्षांनी पू देऊ लागली. एक्स-रेत भोवतीचं हाड वाटीसारखं कोरलेलं. मी त्याच्या तंबाखूवर तोंडसुख घेतलं, मग हिरडी उघडली. आत तांदळाच्या कणीएवढं सिमेंट! कॅप चिकटवताना माझ्याच हातून राहिलेलं; जंतू की धातू हे नंतरचं. केसपेपरवर तीन वर्षांत प्रोबचा एक आकडा नाही, कॅप बसवल्या दिवसाचा एक्स-रे नाही. ‘पेशंट समाधानी’ एवढं मात्र माझ्याच अक्षरात होतं.

२०१८ साली जगभरच्या तज्ज्ञांनी इम्प्लांटभोवतीचं हाड झिजवणाऱ्या या रोगाची व्याख्या छापली. जुना एक्स-रे नसेल तर रक्त किंवा पू, सहा मिलिमीटर खोली आणि तीन मिलिमीटर हाडझीज यांवरून निदान करा, अशी सोय त्यांना ठेवावी लागली. म्हणजे आपली कुळी जगभर पसरलेली आहे! त्या सोयीवर किती दिवस काढायचे?

वर्षभरात रुग्णाच्या हाती देता येईल असं एक कार्ड करू. कंपनी, माप, पहिल्या दिवसाचा एक्स-रे, प्रोबचे आकडे. मसुदा कुणी करायचा ते जेवताना ठरवू. कॉलेजांशीही बोलायला हवं; कुणीतरी बोला.

दुपारी बाहेरच्या स्टॉलवर इम्प्लांटची पेटी पाहिली. ड्रिल होते, रॅचेट होतं, चकचकीत टॉर्क रेंच होता. विचारलं, “प्रोब कुठे आहे?” पोरगा म्हणाला, “सर, ते पेरिओवाल्यांच्या स्टॉलवर बघा.” मी दोन फेऱ्या मारल्या. तो स्टॉल काही सापडला नाही.