बॅटरीवर छापलेला आकडा आणि हाती येणारे तास



मला एकाच हिशेबाबद्दल बोलायचं आहे. तो मी एकदा चुकीचा केला आणि नुकसान दुसऱ्याचं झालं.

इन्व्हर्टर-बॅटरीच्या धंद्यात नवा असताना एका शिवणकाम करणाऱ्या ताईंना मी 150 एएचची (अँपिअर-तासांची) ट्यूब्युलर बॅटरी बसवून दिली. दोन पंखे, चार दिवे, एकूण लोड 190 वॉट. मी 150 ला 12 व्होल्टनं गुणलं, 1800 वॉट-तास आले, आणि छातीठोकपणे सांगितलं, "नऊ तास निवांत चालेल." ताईंनी त्या भरवशावर रात्रीच्या ऑर्डरी घेतल्या. रोज इन्व्हर्टर शिट्टी मारून बंद पडेपर्यंत बॅटरी ओढली जायची. दीड वर्षात ती गेली. झाकणं उघडून हायड्रोमीटर बुडवला. रात्रभर चार्ज करूनही तरंगता काटा लाल पट्ट्याच्या वर येईना. प्लेटांवर सल्फेट घट्ट बसलं होतं.

काय चुकलं होतं? 150 हा आकडा खोटा नव्हता. त्याच्याशेजारी बारीक अक्षरात सी20 लिहिलेलं असतं, ते मी वाचलंच नव्हतं. 27 अंश तापमानाला, साडेसात अँपिअरनं, 20 तासांत, 10.5 व्होल्टपर्यंत उतरवली तर 150. ताईंचा लोड बॅटरीतून साडेअठरा अँपिअर खेचत होता, कारण इन्व्हर्टर स्वतःच 15 टक्के खातो. जोरात ओढलं की शिसं-आम्ल बॅटरी कमी देते, हे पॉयकर्ट या जर्मन शास्त्रज्ञानं 1897 मध्येच सूत्रात मांडलं. घातांक 1.2 धरला तर साडेअठरा अँपिअरला 150 चे साधारण 125 उरतात. बॅटरी टिकवायची तर त्यातले निम्मेच वापरायचे, म्हणजे साडेबासष्ट. गुणिले 12, साडेसातशे वॉट-तास. इन्व्हर्टरचा वाटा वजा केला की 640 च्या आसपास. भागिले 190.

सव्वातीन तास. मी नऊ सांगितले होते!

लिथियमचं गणित सोपं आहे, तिथे 80 टक्के वापरता येते आणि जोराच्या ओढीचा फटकाही नगण्य. पण आपल्या गावोगावच्या घरांत अजून शिसंच आहे, म्हणून हा हिशेब आपल्याला तोंडपाठ हवा. बॅटरी अर्ध्यावर आली हे ओळखायला हायड्रोमीटरवर ग्रॅव्हिटी 1200 च्या जवळ, किंवा लोड काढून काही तास विसावल्यावर 12.2 व्होल्ट. लोड चालू असताना मीटर लावून निदान करू नका, तो आकडा फसवतो.

माझी विनंती एकच. गिऱ्हाईक एएच विकत घेत नाही, तास विकत घेतं. बिलावर त्याच्या घरातल्या लोडचे तास लिहून द्या, खाली सही करा. विक्री थोडी घटेल, घटू द्या.

ताईंना नवी बॅटरी मी मूळ खरेदीच्या भावात दिली आणि बिलावर 'सव्वातीन तास' लिहिलं. त्यांनी ते वाचून विचारलं, "एक पंखा बंद ठेवला तर?" मी तिथेच कागदावर मांडून पाहिलं. लोड 115 वॉट, ओढ सव्वाअकरा अँपिअर, बॅटरी आता 138 एएच देणार. उत्तर आलं सहा तास.


त्या रात्रीपासून त्यांच्याकडे एकच पंखा चालतो.