आधी किनारा, मग कॅमेरा

आज शिक्षणशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या माझ्या तरुण सहकाऱ्यांनो,

तुम्हाला सहकारी म्हणताना मला मनापासून आनंद होतो. तुमच्यातले बरेच जण लवकरच कोकणपट्टीतल्या कुठल्या तरी वर्गात उभे राहतील. खिडकीतून समुद्र दिसणारी शाळा असेल, नाही तर खाडीपासून दोन डोंगर आत असलेली. दोन्हीकडे सागरी प्रदूषण हा विषय तुमच्यासमोर येणारच, आणि हल्ली तो बहुधा गटप्रकल्प म्हणून येतो: चार-पाच मुलांनी मिळून आवाज, चित्रं, व्हिडिओ जोडून सादरीकरण करायचं. आज मी एवढ्याच विषयावर बोलणार आहे. मला तो फार मोलाचा वाटतो, आणि तो फार सहज वाया जातो.

ज्याच्या घरी चांगला फोन किंवा लॅपटॉप आहे, तो मुलगा रात्री एकटाच बसतो. नाकात स्ट्रॉ अडकलेलं कासव इंटरनेटवरून उतरवतो, प्रशांत महासागरातल्या कचऱ्याचा नकाशा लावतो, मागे करुण संगीत सोडतो. बाकीचे चौघे वर्गापुढे एकेक वाक्य वाचतात. टाळ्या पडतात, श्रेणी मिळते. आणि त्या पाचांपैकी एकही जण आपल्या गावच्या पुळणीवर गेलेला नसतो.

म्हणून माझा आग्रह साधा आहे. मुलं जे दाखवतील, ते त्यांनी स्वतः पाहिलेलं, ऐकलेलं, मोजलेलं असावं. कॅमेरा दप्तरातून सगळ्यांत शेवटी बाहेर यावा.

सुरुवात भरती-ओहोटीपासून करा. किनाऱ्यावरच्या कुठल्याही जुन्या माणसाला विचारा, तो तिथीची पाऊणपट करायला सांगेल. चतुर्थीला साधारण तीन वाजता भरती, अष्टमीला सहा वाजता. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. हे गणित मुलांनी आजोबांकडून शिकून यावं आणि आपल्या सहलीची वेळ स्वतः ठरवावी. पाण्याने आणलेला कचरा भरतीच्या रेषेवर पडतो. त्या रेषेलगत दोरीने मोजलेला पन्नास मीटरचा पट्टा पुरेसा आहे. तेवढ्यात जे सापडेल ते वेगळं करायचं, मोजायचं, लिहायचं: दोरखंडाचे तुकडे, थर्माकोल, बाटल्या, चपला, गुटख्याच्या पुड्या, औषधांची पाकिटं. पावसाळ्यात गेलात तर पायांना डांबराचे गोळे चिकटतील. ते गावात कुणी टाकलेले नसतात. समुद्रात सांडलेलं किंवा जहाजांनी सोडलेलं तेल लाटांत घट्ट होऊन वाऱ्याबरोबर आपल्या आणि गोव्याच्या किनाऱ्यावर येतं. आपल्या पायाला लागलेली घाण कुठल्या तरी न दिसणाऱ्या जहाजातून आली, हे कळलं की मूल नकाशा वेगळ्या नजरेने बघायला लागतं.

रेतीत मसुराएवढे पांढरे दाणेही शोधायला लावा. प्लॅस्टिकच्या वस्तू बनवण्याचा तो कच्चा माल. २०२१ साली कोलंबोजवळ ‘एक्स-प्रेस पर्ल’ हे जहाज पेटलं आणि बुडालं, तेव्हा असे सुमारे १,६८० टन दाणे समुद्रात गेले. मे २०२५ मध्ये केरळजवळ ‘एमएससी एल्सा ३’ बुडालं आणि तिथल्या किनाऱ्यांवर पुन्हा तेच दाणे पसरले. वेचायला गेलं की हातात रेती जास्त येते आणि दाणे कमी. हा अनुभव कुठल्याही चित्रफितीपेक्षा खोल उतरतो.

मोजण्यावर मी इतका भर देते, त्याला एक आधार आहे. १९८६ साली अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्यावर सुमारे २,८०० स्वयंसेवक स्वच्छतेसाठी जमले. त्यांच्या हातात पोत्यांबरोबर नोंदीची कार्डंही होती. काय उचललं, किती उचललं, हे त्यांनी लिहून ठेवलं. आज जगभर होणारी आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता मोहीम त्यातूनच वाढली. कचरा उचलल्याने किनारा काही दिवस स्वच्छ राहतो. लिहून ठेवलं तर तो कुठून येतो, हे विचारता येतं.

आता गटाबद्दल. एकाची नोंद नसेल तर दुसऱ्याचं काम अडलं पाहिजे, अशी वाटणी करा. मोजणारा वेगळा, लिहिणारा वेगळा. ज्याने आवाज मुद्रित केला त्याचा कागद पाहिल्याशिवाय चित्र काढणाऱ्याने पेन्सिल उचलायची नाही. मग भांडणं होतील. दोघांची मोजणी जुळणार नाही, थर्माकोलचा चुरा एक धरायचा की शंभर, यावर वर्ग दुभंगेल. घाईने निकाल देऊ नका. पुन्हा किनाऱ्यावर पाठवा. पुरावा म्हणजे काय, हे मुलं त्या भांडणात शिकतात, आणि ते मला सादरीकरणाच्या गुणांपेक्षा कितीतरी महत्त्वाचं वाटतं.

माणसांचे आवाज जमवायला मात्र भरपूर वेळ द्या. नायलॉन येण्याआधी जाळी सुताची आणि तागाची असत. ती विणलेली, वाळवलेली, दुरुस्त केलेली माणसं अजून गावात आहेत. रापण ओढताना पूर्वी काय यायचं आणि आता माशांबरोबर काय येतं, हे रापणकराने स्वतःच्या बोलीत सांगावं. जेटीवर लिलावाला बसणाऱ्या मावशींना विचारा, त्या टोपलीतून रोज काय निवडून बाजूला टाकतात. ही मुद्रणं कापून गुळगुळीत करू नका. मागे गाज असू दे, कावळे असू देत.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. तुमच्या वर्गात मच्छीमारांची मुलं असतील. ‘मच्छीमार जाळी समुद्रात टाकून देतात’ एवढंच वाक्य पडद्यावर आलं, की त्यातलं एखादं मूल मान खाली घालतं. तुटलेली जाळी समुद्रात राहतात आणि त्यांत कासवं अडकतात, हे खरं आहे, ते लपवू नका. पण ते सांगताना पुढचंही सांगा. डिसेंबर २०१८ पासून महाराष्ट्रात एक योजना आहे. जाळ्यात संरक्षित सागरी जीव सापडला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडलं, तर कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभागामार्फत त्याला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. पुरावा म्हणून तो तिथेच, हलत्या होडीवर, मोबाइलवर फोटो आणि चित्रण करतो. मुलांना बहुमाध्यम प्रकल्पाचा अर्थ समजावायचा असेल, तर त्या खलाशाला वर्गात बोलवा. त्याचं चित्रण थरथरतं असेल. पण त्यातलं कासव खरं आहे, ते पाण्यात परत जाताना दिसतं, आणि स्वतःचं जाळं कापणारा हात त्या मुलाच्या वडिलांचा असू शकतो.

वाईट बातम्यांच्या ओझ्याखाली लहान मुलांना दबू देऊ नका. मंडणगड तालुक्यातल्या वेळासमध्ये २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली. पिल्लं समुद्राकडे जाताना पाहायला आज तिथे लांबून माणसं येतात आणि गावकऱ्यांच्या घरीच उतरतात. २०२२ मध्ये वेळास, आंजर्ले आणि गुहागरच्या पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रं बसवली, त्यांना प्रथमा, सावनी, रेवा अशी नावं दिली. पुढच्या वर्षी गुहागरहून सोडलेली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. मुलांनी तिचा मार्ग वर्गाच्या भिंतीवर खडूने काढावा. आपल्या पुळणीवरून निघालेली बाटली किती राज्यांच्या, किती देशांच्या पाण्यात जाऊ शकते, ते त्यांना निराळं सांगावं लागणार नाही.

आणि माध्यम म्हणजे फक्त पडदा, असं मानू नका. तुमच्या गावात जाखडी आहे, नमन आहे. पाचवीच्या मुलांनी स्वतः मोजलेला कचरा जाखडीच्या चालीवर गायला, तर गाव तो कान देऊन ऐकेल. फोन नसलेल्या मुलालाही त्यात पुढे उभं राहता येतं.

पहिलं सादरीकरण शाळेत करू नका. ग्रामपंचायतीच्या अंगणात किंवा देवळाच्या सभामंडपात, ज्यांचे आवाज घेतले त्यांच्यासमोर करा. कुणाचा चेहरा दाखवायचा असेल, तर आधी त्याला विचारायला मुलांना पाठवा. नाही म्हटलं तर चेहरा काढायचा. सांडपाणी थेट खाडीत का सोडतात, हॉटेलांचा कचरा रात्री कुठे जातो, असे प्रश्न मुलं भर सभेत विचारतील. कुणीतरी चिडेल, तुम्हाला बाजूला घेऊन सुनावेल. त्या वेळी मुलांच्या मागे उभे राहा आणि त्यांची वही पुढे करा.

ती वही जपा. दर वर्षी त्याच पट्ट्यात, त्याच महिन्यात, तारीख आणि तिथी लिहून मोजणी होऊ द्या. तुमची बदली होईल. चार्ज देताना जनरल रजिस्टर आणि पोषण आहाराच्या नोंदींबरोबर ही वहीही नव्या शिक्षकाच्या हातात द्या, आणि जाण्याआधी एकदा त्याला किनाऱ्यावर नेऊन तो पन्नास मीटरचा पट्टा कुठून सुरू होतो, ते दाखवा.