गुजरीतले पितळी कडे

कोल्हापूरच्या माणसाला 'गुजरी' म्हटले की सोन्याचांदीच्या पेढ्या आठवतात. बंगळूरच्या माणसाला त्याच शब्दाने गंजलेले लोखंड आठवते. बंगळूरच्या जुन्या छावणीतील शिवाजीनगर या भागात, १९२७ साली बांधलेल्या रसेल मार्केटच्या परिसरात, मोडीत निघालेल्या मोटारींचे सुटे भाग विकणाऱ्या गुजरीवाल्यांची वस्ती आहे. दखनी, तमिळ आणि कन्नड अशा तिन्ही भाषांत तेथे घासाघीस चालते. दारे, दिवे, धुरे यांच्या राशीत एखाद्या जुन्या 'पद्मिनी'चा गिअर-बॉक्सही केव्हा तरी हाती लागतो. जुनी मोटार घेऊन ती आपल्या हातांनी चालती करण्याचा छंद ज्याला जडतो, त्याला या गल्ल्या लवकरच पाठ होतात.

पद्मिनीचे आणि या शहराचे एक दूरचे नाते आहे. हिंदुस्थानात मोटारी तयार व्हाव्यात हा ध्यास म्हैसूरच्या सर विश्वेश्वरय्यांचा. त्याला भांडवल आणि धडाडी लाभली ती सोलापूरच्या वालचंद हिराचंदांची. वालचंदांनी १९४० साली बंगळुरात विमानांचा कारखाना काढला आणि १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या नमुन्यावर जी मोटार होऊ लागली, तिलाच पुढे 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव मिळाले. शतक संपता संपता तिचे उत्पादन थांबले. मुंबईच्या रस्त्यांवरील तिची शेवटची टॅक्सीदेखील ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. आता एक पद्मिनी जगवायची ती बहुधा दुसरीच्या अवयवांवर. म्हणूनच नवशिक्याच्या उतावळेपणाने एखादा बरा गिअर-बॉक्स निकामी झाला, तर ती हानी त्याच्या एकट्याच्या खिशाची राहत नाही.

हा नवशिका बहुधा एकच तक्रार घेऊन येतो : दुसरा गिअर टाकताना करकर असा आवाज होतो. त्याला वाटते, दाते झिजले. तो पाने काढतो आणि मोटारीखाली शिरतो. वास्तविक त्याने आधी तासभर स्वस्थ बसून कान देणे अधिक फायद्याचे असते. कारण गिअर-बॉक्सच्या माथी मारले जाणारे कित्येक दोष त्याच्या बाहेरचेच असतात. पद्मिनीच्या गिअरचा दांडा चाकाच्या, म्हणजे स्टिअरिंगच्या, खांबावर असतो. तेथून खाली पेटीपर्यंत जाणाऱ्या सळ्यांचे सांधे झिजले की दांडा हलतो एक आणि आत सरकते दुसरेच. त्यात पेटीचा काय अपराध?

एंजिन बंद असताना सगळे गिअर लोण्यात सुरी जावी तसे पडतात, आणि एंजिन चालू होताच सगळेच करकरतात, विशेषतः मोटार उभी असताना रिव्हर्स, तर दोष क्लच पुरता सुटत नाही हा. न्यूट्रलमध्ये घरघर येते आणि क्लच दाबताच ती थांबते, तर पेटीत शिरणाऱ्या दांड्याच्या बेअरिंगकडे पाहावे. उलट, क्लच दाबल्यावरच ती सुरू होते, तर क्लचच्या रिलीझ बेअरिंगकडे. आवाज पहिल्या तिन्ही गिअरमध्ये येतो आणि चौथ्यात मावळतो, ही खूण तर फार बोलकी आहे. चौथ्या गिअरमध्ये शक्ती सरळ आरपार जाते. खालच्या जोडदांड्यावर भार येत नाही. तेव्हा दोष त्या जोडदांड्यावर असण्याचाच संभव अधिक. एवढे सगळे वगळून करकर केवळ दुसऱ्याच गिअरला उरली, तरच संशय पितळी कड्यावर घ्यावा.

हे कडे म्हणजे या यंत्रातील खरे शहाणपण. पेटीतील चक्रे वेगवेगळ्या गतीने फिरत असतात. दोन असमान गतींचे दाते एकमेकांत घुसवायचे म्हणजे भांडण ठरलेले. पूर्वीचे चालक क्लच दोनदा दाबून, मधे एंजिनाची गती बेताने वाढवून, हे भांडण आपल्या कौशल्याने मिटवीत. कॅडिलॅक या अमेरिकन मोटारीत १९२८ साली सिंक्रोमेश आले आणि ते काम यंत्राकडे गेले. दात्यांची गाठ पडण्यापूर्वी पितळी कडे चक्राच्या निमुळत्या पोलादी भागावर घासते आणि दोहोंची गती एक करते. कड्याच्या आतल्या बाजूस बारीक खाचा असतात. त्या मधले तेल कापून काढतात. खाचा गुळगुळीत झाल्या की कडे नुसते घसरते. पद्मिनीच्या पेटीत ही सोय वरच्या तीन गिअरना आहे, पहिल्याला नाही. मोटार पुरती थांबण्यापूर्वी पहिला गिअर रेटणारा चालक यंत्राला दोष देतो, पण दोष सवयीचा असतो.

पेटी उघडण्यापूर्वी तेल काढून ते पांढऱ्या फडक्यावर पाहावे. सोनेरी चकाकी दिसली तर ती कड्यांची झीज. पोलादाचे कपचे सापडले तर दाते किंवा बेअरिंग फुटले. तेलाचा आणखी एक घोळ पुष्कळ ठिकाणी होतो. मागच्या डिफरन्शिअलसाठी केलेले उग्र वासाचे तेल गिअर-बॉक्समध्येही ओतले जाते. त्यातील काही द्रव्ये पितळेला मानवत नाहीत, आणि ते तेल अति निसरडे असल्याने कड्याला पकडही मिळत नाही.

मग मोटार उचलायची. येथे हयगय नको : केवळ जॅकवर तोललेल्या मोटारीखाली कोणी जाऊ नये. खाली भक्कम लोखंडी घोड्या हव्यात, मागच्या चाकांना उटी हवी, आणि पेटी उतरविताना मदतीस दुसरा माणूस हवा. बोल्ट सुटल्यावर पेटीचा भार तिच्याच दांड्यावर लोंबकळू दिला, तर क्लचच्या तबकडीचा मध्य वाकतो आणि एका दुखण्याची दोन होतात. सुटणारा प्रत्येक भाग कापडावर निघाला त्याच क्रमाने मांडावा. हल्ली छायाचित्रे काढणे सोपे झाले आहे, ती काढावीतच. परंतु कडे कोणत्या चक्राचे आणि कोणत्या बाजूने बसले होते, याची खूण करून ठेवलेली बरी.

शिवाजीनगरला जाताना जुने कडे आणि त्याचे चक्र खिशात, फडक्यात गुंडाळून, न्यावे. गुजरीवाला चार कडी पुढे टाकील आणि चारही 'नवी' असल्याचे सांगेल. वाद घालू नये. कडे कोरडे पुसून चक्राच्या निमुळत्या भागावर दाबावे आणि पिळावे. चांगले कडे हाताला अडते; झिजलेले फिरते. कडे पुरते दाबल्यावर त्याच्या दात्यांत आणि चक्राच्या दात्यांत फट उरते, तीही पाहावी. फट जवळजवळ मिटलेली असेल तर भाव कितीही उतरला तरी ते परत ठेवावे. दात्यांचे चक्रच बदलण्याची वेळ आली, तर त्याचा जोडीदारही त्याच पेटीतला मागावा. वर्षानुवर्षे एकमेकांवर घासलेले दाते परक्याशी जुळवून घेत नाहीत आणि चालताना रडू लागतात. गुजरीवाला अख्खी पेटी घेण्याचा आग्रह करील. तो सदैव लबाडीचाच असतो असे नाही. पण त्या पेटीची कडीही त्याच परीक्षेतून गेली पाहिजेत.

जोडणीच्या वेळी क्लचची तबकडी नेमकी मध्यावर बसवावी लागते. त्यासाठी टाकाऊ पेटीचा एक दांडा गुजरीतून मिळाला तर उत्तम. पेटी चढताना अडली, तर बोल्ट आवळून तिला ओढून घेण्याचा मोह आवरावा. तबकडी मध्यावर नाही, एवढाच त्या अडण्याचा अर्थ. शेवटी नवे तेल, सळ्यांची जुळणी आणि एंजिन बंद ठेवून चारही गिअरची चाचणी. पहिला फेरफटका पहाटे, गल्ली निवांत असताना घ्यावा, खिडक्या उघड्या ठेवून. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर उतरताना दांडा क्षणभर अडतो आणि मग आपसूक आत जातो. तो क्षणभराचा अडथळा म्हणजे नव्या कड्याचे काम.