घोडा बुजतो तेव्हा
(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रातील भाषण)



संयोजकांनी प्रत्येकाला दहा मिनिटे दिली आहेत आणि 'आपापल्या कामातले काहीतरी सांगा' असे बजावले आहे. मी सैन्यात घोड्यांचा डॉक्टर होतो. निवृत्तीनंतर घोडेस्वारीच्या स्पर्धांत रिंगणाजवळ स्टुअर्ड म्हणून उभा राहतो. म्हणून मी घोड्यांबद्दल बोलेन असे तुम्हाला वाटेल. पण मला बोलायचे आहे ते प्रेक्षकांबद्दल, म्हणजे तुमच्याबद्दल! आपल्यापैकी कित्येकांची नातवंडे आता राइडिंगच्या क्लासला जातात, स्पर्धेत उतरतात आणि आपण कौतुकाने मोबाइल घेऊन कठड्याला टेकतो.

आपल्या भाषेत घोड्याच्या भीतीला चांगले नेमके शब्द आहेत. घोडा आधी कान टवकारतो, मग बुजतो, मग बिथरतो आणि शेवटी उधळतो. या पायऱ्या तो दोन-तीन सेकंदांत चढू शकतो. स्वाराचे सगळे कसब पहिल्या दोन पायऱ्यांवर त्याला थोपवण्यात असते.

तो बुजतो का? कारण तो शिकार होणारा प्राणी आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे मान न वळवता त्याला जवळपास 350 अंशांतले दिसते. दिसत नाही ते फक्त कपाळासमोरचे थोडे आणि शेपटीमागचे. स्वार समोरच्या अडथळ्याकडे बघत असतो, तेव्हा घोड्याला कठड्यावर पाय हलवणारा तुमचा नातूही दिसत असतो. त्याचे दोन्ही कान वेगवेगळ्या दिशांना फिरतात आणि माणसाला ऐकू येत नाहीत असे उंच स्वरही तो ऐकतो. झुडपात सळसळले की आधी पळायचे आणि विचार मागाहून करायचा, ही त्याच्या पूर्वजांची रीत. जे थांबून विचार करत बसले, त्यांचा वंश पुढे चाललाच नाही.

यावर लोक मला दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, वरातीतला घोडा बँडच्या शेजारी शांत कसा उभा राहतो? तर तो त्या आवाजाला सरावलेला असतो, पावलापावलाने चालतो आणि लगाम धरून मोतद्दार शेजारी असतो. दुसरा, महालक्ष्मीच्या रेसला हजारो माणसे ओरडतात, तिथे काही होत नाही? तिथे घोडे कळपाने धावतात आणि कळपात घोड्याला धीर असतो. शिवाय काहींच्या डोळ्यांना झापडे लावलेली असतात. अडथळ्यांच्या उड्यांत किंवा ड्रेसाजमध्ये घोडा एकटा असतो. अनोळखी रिंगण, चारी बाजूंनी माणसे आणि पाठीवरच्या एका माणसावर टाकलेला विश्वास, एवढेच त्याच्याजवळ असते.

उड्यांच्या स्पर्धेआधी स्वार पायी चालून मार्ग पाहून घेतात, पावले मोजतात. घोड्याला मात्र तो मार्ग आधी दाखवत नाहीत. तो प्रत्येक अडथळा पहिल्यांदाच पाहतो, आणि ऑलिम्पिकमध्ये ती उंची 1.65 मीटरपर्यंत असते. अगदी जवळ गेल्यावर तर तो अडथळा त्याच्या नजरेच्या टापूतून निसटतो. म्हणजे शेवटच्या क्षणी तो आठवणीवर आणि विश्वासावर उडी घेतो. नेमक्या त्याच क्षणी कठड्याशी काहीतरी फडफडले, तर लक्ष तिकडे जाणारच.

टोकियो ऑलिम्पिकचे उदाहरण गमतीचे आहे. 2021 मध्ये कोविडमुळे तिथे तिकीट काढून आलेले प्रेक्षक नव्हतेच. तरी दहाव्या अडथळ्याजवळ सजावट म्हणून सुमो पैलवानाचा मोठा पुतळा ठेवला होता. वळण घेऊन आल्यावर समोर दिसायची ती त्या पैलवानाची पाठमोरी बाजू! काही घोडे तिथे अडले आणि पुतळ्यामुळेच घोडे बिचकले असावेत, असे काही स्वारांनी बोलून दाखवले. पुतळा हलत नव्हता, बोलत नव्हता. आपण तर हलतोही आणि बोलतोही.

ड्रेसाजमध्ये फरक आणखी बारीक असतो. 60 बाय 20 मीटरच्या चौकोनात घोड्याच्या प्रत्येक हालचालीला दहापैकी गुण मिळतात. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताने ड्रेसाजचे सांघिक सुवर्ण जिंकले. घोडेस्वारीतले सुवर्ण आपल्याला 1982 च्या दिल्लीनंतर थेट तेव्हा मिळाले आणि त्या चौघांत मुंबईचा हृदय छेडा होता. अशा ठिकाणी घोडा क्षणभर बुजला तरी वर्षांच्या मेहनतीचे गुण जातात. तेवढ्यासाठी फेरी पुन्हा करू द्या, असे सहसा म्हणता येत नाही. परीक्षक जे पाहतात त्याचेच गुण देतात.

आता थोडे गंभीर. काही वर्षांपूर्वी एका स्पर्धेत चौदा वर्षांची मुलगी छान फेरी करत होती. पावसाचे चार थेंब पडले आणि कोपऱ्यातल्या एका गृहस्थांनी खटक्याची छत्री उघडली. घोडा एकदम आडवा सरकला, मुलगी रिकिबीतून निसटली आणि खांद्यावर पडली. गळपट्टीचे हाड मोडले. हाड दीड-दोन महिन्यांत जुळले. घोडा मात्र पुढे कितीतरी दिवस कोणत्याही रिंगणाच्या त्या कोपऱ्यात जायला तयार नव्हता. छत्रीवाले गृहस्थ सज्जन होते. "अरेरे, पडली बिचारी," असे हळहळत होते. ते आपल्यामुळे झाले, हे त्यांच्या गावीही नव्हते. म्हणूनच मी आज हा विषय घेतला. वाईट माणसांना आवरता येते, पण ठाऊक नसलेल्यांना आधी सांगावे लागते.

प्रत्येक चुकीचे खापर प्रेक्षकांवर फोडावे, असे मी म्हणत नाही. घोड्याला गर्दीची सवय लावणे हे प्रशिक्षकाचे काम आहे. काही जण तबेल्यात टाळ्यांचे रेकॉर्डिंगसुद्धा वाजवतात. आणि प्रेक्षकांनी श्वास रोखून बसावे, असेही नाही. गर्दीची सलग कुजबुज घोडा चालवून घेतो. त्याला भीती वाटते ती अचानक बदलाची. चिडीचूप शांततेत पाण्याच्या बाटलीचा एक कडकड आवाजही त्याला बंदुकीसारखा वाटू शकतो.

तेव्हा एवढेच लक्षात ठेवा. घोडा तुमच्या बाजूला येत असेल तर आहात तिथे स्थिर राहा. उठायचे, जागा बदलायची ती तो दूर गेल्यावर. छत्री, फुगे, झेंडे कठड्यापासून लांब ठेवा. मोबाइलचा फ्लॅश बंद करा. मुलांना कठड्यावर बसवू नका, कुत्रा आणलाच तर पट्ट्यात ठेवा. टाळ्या शेवटच्या अडथळ्यानंतर, ड्रेसाजमध्ये शेवटच्या सलामीनंतर. क्रॉस-कंट्रीत शिट्टी ऐकू आली की वाट मोकळी करा, फोटो नंतर. आणि घोडा सुटलाच, तर धावू नका, ओरडू नका, हात पसरून अडवायला जाऊ नका. मोतद्दारांना ते काम येते.

आपल्या गॅदरिंगला मागच्या बाकांवरून शिट्ट्या यायच्या. स्टेजवरचा विद्यार्थी गडबडायचा, पण त्याला निदान कळायचे की हे आपलेच मित्र आहेत. घोड्याला ते समजावून सांगायची सोय नाही. त्याच्या वतीने समजून घ्यायचे ते आपणच.

येत्या हिवाळ्यात कुणाचे नातवंड स्पर्धेत उतरणार असेल, तर मला जरूर कळवा. मी रिंगणाच्या दाराशी असेन. जागा चांगली मिळवून देईन, पण छत्री माझ्याकडे जमा करावी लागेल.