वारुळावरची अळंबी

आषाढातील पहिली झड लागून गेली, मध्ये एक-दोन दिवस उघडीप पडली आणि पुन्हा गडगडाटासह सरी कोसळल्या, की बोरिवली, अंधेरी, मुलुंड ह्या उपनगरांच्या बाजारांत रानभाज्यांच्या पाट्या दिसू लागतात. टाकळा असतो, कुर्डू असते, कंटोळी असतात. आणि ह्या सगळ्यांच्या कडेला एखाद्या बाईने रुंद पानांच्या पुड्यांत मातीने माखलेले, राखी-पांढऱ्या रंगाचे, लांब देठांचे काहीतरी निगुतीने बांधून ठेवलेले असते. भाव ऐकून शहरातील गृहिणी एक पाऊल मागे सरते. दुकानातून बारमाही मिळणारी, डबीतली गोल, पांढरीशुभ्र अळंबी तिच्या परिचयाची. मग ह्या चिखलात लडबडलेल्या वस्तूस एवढे मोल का, असे तिला वाटणे स्वाभाविक आहे. पाटीवाली बाई वाद घालीत नाही. दुपारच्या आत आपल्या पुड्या संपतील, हे तिला अनुभवाने ठाऊक असते.

डबीतली अळंबी शेडमध्ये, खतावर, माणसाच्या हाताने पिकते. धिंगरीचेही तसेच, भाताचा पेंढा आणि थोडा ओलावा मिळाला, की ती घराच्या कोपऱ्यातही वाढते. परंतु पाटीतील ही रानअळंबी पिकविण्याची विद्या मनुष्यास अद्याप साधलेली नाही. प्रयोगशाळेतील नळीत तिचे तंतू मोठ्या कष्टाने वाढविता येतात. पण त्यांस छत्री आणावयाची म्हटले, की शास्त्रज्ञांचे हात टेकतात. कारण ती ज्याच्या शेतात पिकते तो शेतकरी मनुष्य नव्हे. तो आहे वाळवी, म्हणजे उधई.

उधई लाकूड खाते हे घराघरांत माहीत आहे. पण खाल्लेले लाकूड पचविण्याची युक्ती सर्व उधयांची सारखी नसते, हे फारसे कोणास माहीत नसते. काही जातींच्या उधया पाचोळा, वाळक्या काटक्या आणि मेलेले लाकूड कुरतडून वारुळात नेतात व त्याची अर्धवट पचलेली विष्ठा रचून स्पंजासारखी सच्छिद्र पोळी तयार करतात. त्या विष्ठेबरोबरच कवकाचे बीजाणू पोळ्यात पेरले जातात. थोड्या दिवसांत पोळ्यावर पांढरे तंतुजाल पसरते आणि त्यावर साबुदाण्यासारखे शुभ्र दाणे धरतात. हे दाणे उधईचे पौष्टिक खाद्य. आणि त्यांतूनच नव्या पोळ्यास बी मिळते. लाकडातील लिग्निन नावाचा चिवट भाग उधईस एकटीने नीट पचत नाही. तो कवक फोडते आणि जुने झालेले पोळे मग उधई खाऊन टाकते. उलट कवकास लागणारा अंधार, दमटपणा आणि उबदार, स्थिर हवामान उधई पुरविते, एवढेच नव्हे, तर परक्या बुरशीचे तणही ती काढून टाकते. मुंबईच्या गिरणगावातदेखील श्रमविभागणी इतकी काटेकोर नव्हती!

पावसाळ्यात जमीन पुरेशी भिजली, की ह्या भूमिगत पोळ्यातून एक मूळवजा लांब दांडा मातीतून वर चढू लागतो. त्याच्या टोकाशी असलेल्या टोपीचा मधला भाग भाल्याच्या फाळासारखा टणक व टोकदार असतो. तो माती भेदतो. वर आल्यावर टोपी छत्रीसारखी उलगडते, तिच्या खालच्या बाजूच्या पातळ पट्ट्या हळूहळू गुलाबी छटा धारण करतात आणि त्यांतून कोट्यवधी बीजाणू वाऱ्यावर जातात. सारा सोहळा दोन-चार दिवसांचा. ही अळंबी उपटताना देठ फार खोल गेलेला आढळतो, त्याचे कारण हेच.

येथे एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. शहरातील हिरवळीवर पावसात मोठाल्या पांढऱ्या छत्र्या उगवतात व काही दिवसांनी त्यांच्या खालच्या पट्ट्या हिरवट होतात. त्या विषारी असतात आणि कोवळेपणी त्यांचे रूप चांगल्यासच फसविते. चांदीचे नाणे काळे पडते, लसूण निळी होते इत्यादी ज्या परीक्षा सांगितल्या जातात त्यांपैकी एकही भरवशाची नाही. जाणत्याने ओळखल्यावाचून रानातील कोणतीही छत्री स्वयंपाकघरात नेऊ नये.

वारुळातील ह्या शेतीची पहिली शास्त्रीय नोंद युरोपीय लोकांनी केली ती जवळजवळ एकाच वेळी दोन खंडांत. तरंगंबाडीच्या डॅनिश वसाहतीत आलेला वैद्य व निसर्गशास्त्रज्ञ क्योनिग ह्याने तंजावर प्रांतातील उधयांचे वर्णन १७७९ साली प्रसिद्ध केले; आणि पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओनच्या प्रचंड वारुळांवरील हेन्री स्मीथमन ह्याचा निबंध १७८१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आला. ह्या कवकांचा एक स्वतंत्र गट मानून त्यास टर्मिटोमायसिस, म्हणजे उधईचे कवक, हे नाव मात्र फ्रेंच कवकशास्त्रज्ञ रॉजे हाइम ह्यांनी १९४२ साली दिले. आज हा गट आफ्रिका आणि आशिया ह्या दोन खंडांतच नैसर्गिकरीत्या आढळतो. आनुवंशिक पुराव्यावरून त्याची जन्मभूमी आफ्रिकेतील पर्जन्यवने ठरली असून उधईने ही शेती सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी आरंभिली असावी, असा अंदाज आहे. टांझानियातील रुक्वा खोऱ्यात अडीच कोटी वर्षांपूर्वीची कवकशेतीची पोळी दगड होऊन राहिलेली सापडली, ती २०१६ साली जगापुढे आली. तेथून उधई आपले बियाणे सांभाळीत आशियात उतरली. म्हणजे कान्हेरीच्या डोंगरावरची अळंबी आणि झांबियाच्या रानातली अळंबी ह्या एकाच घराण्याच्या दोन शाखा होत.

झांबियाच्या उदाहरणावर थोडे थांबणे इष्ट आहे. तेथील एका जातीची छत्री हातभर काय, एक मीटरपर्यंत रुंद होते. खाण्याजोग्या कवकांत तिच्याएवढी थोर दुसरी नाही. पावसाळ्यात ती सडकेच्या कडेला उघड विकली जाते, तेथील स्त्रिया तिला पिढ्यान्पिढ्या ओळखतात. आणि तरीही शास्त्राच्या दप्तरात तिचे नाव चढावयास १९८० साल उजाडावे लागले. त्या वर्षी पेग्लर आणि पिअर्स ह्या दोघांनी तिला टायटॅनिकस ही संज्ञा दिली. मीटरभर रुंदीची वस्तू जर इतका काळ अनामिक राहू शकते, तर नखाएवढ्या छत्र्यांची काय कथा? आणि ज्याला नाव नाही ते नाहीसे झाले हे तरी कोणास कळणार? सर्व जगात कवकांच्या २२ ते ३८ लक्ष जाती असाव्यात असा अदमास २०१७ साली वर्तविण्यात आला. नावे मिळाली आहेत ती सुमारे दीड लक्षांस. अस्तित्व धोक्यात आलेल्या जीवांची जी जागतिक सूची ठेवली जाते, तिच्यात पक्ष्यांच्या ११ हजारांहून अधिक, म्हणजे बहुतेक सर्व, जातींची तपासणी झालेली आहे. कवकांच्या मात्र मार्च २०२५ पर्यंत अवघ्या १,३०० जातींची. त्यांतल्याही निदान ४११ संकटात निघाल्या.

महाराष्ट्राचा ह्या नामकरणाच्या कार्याशी जुना संबंध आहे, आणि त्या संबंधाच्या आरंभीच आफ्रिका अकल्पितपणे डोकावते. मालवणात जन्मलेले शंकर पुरुषोत्तम आघारकर मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात असताना, १९११ साली, त्यांना सह्याद्रीतील कृष्णेच्या उपनद्यांत गोड्या पाण्यातील एक चिमुकला छत्रीसारखा प्राणी आढळला. त्याचे कूळ तोवर केवळ आफ्रिकेतील समजले जात होते. त्यामुळे त्या शोधाने विद्वानांत मोठे कुतूहल उत्पन्न झाले. हेच आघारकर पुढे १९४६ साली पुण्यास स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी संस्थेचे पहिले संचालक झाले. त्या संस्थेत मो. ना. कामत ह्यांच्यासारख्या कवकशास्त्रज्ञांनी काम केले, आजरेकरांच्या नावाने वाळविलेल्या कवकांचा संग्रह उभा राहिला, आणि १९७१ साली महाराष्ट्रातील कवकांची एकत्र सूची प्रसिद्ध झाली. संस्थेस १९९२ पासून आघारकरांचेच नाव असून २००८ पासून तेथे कवकांचा राष्ट्रीय जिवंत संग्रहही आहे. ज्या काळी भारतातील नमुने नाव मिळविण्यासाठी लंडनजवळच्या क्यू उद्यानाकडे रवाना होत, तो काळ आठवला म्हणजे ह्या कार्याची किंमत कळते.

आता पुन्हा बोरिवलीस येऊ. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि त्याला लागून असलेली आरेची भूमी हे उपनगरांतील वारुळांचे शेवटचे मोठे आश्रयस्थान होय. उद्यानातील बिबळ्यांची गणती आपोआप टिपल्या जाणाऱ्या छायाचित्रांवरून होते. आरेत २०१९ साली मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली, तेव्हा झाडांचा आकडा सर्वतोमुखी झाला. पुढच्याच वर्षी तेथील ८०० एकरांहून अधिक जमीन राखीव वन करण्याचा निर्णय झाला. ह्या सर्व वादात वारूळ हा शब्द कोणाच्या तोंडी आला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यास प्राण्यांच्या व काही वनस्पतींच्या याद्या जोडलेल्या आहेत. त्यांत अळंबीस स्थान नाही. राष्ट्रीय उद्यानातून कोणतीच वस्तू नेता येत नाही म्हणून तेथे तिला आपोआप संरक्षण मिळते. कुंपणाबाहेर ती बेवारशी आहे.

आणि येथेच खरा पेच आहे. रानाच्या कडेच्या पाड्यांवर राहणाऱ्या वारली, मल्हार कोळी इत्यादी लोकांस पावसाळ्यातील ह्या चार पैशांचा आधार असतो, आणि कोणते वारूळ कोणत्या पंधरवड्यात फुटेल ह्याचे ज्ञानही त्यांच्यापाशीच असते. त्यांस चोर ठरवून अळंबी वाचेल असे समजणे भाबडेपणाचे आहे. छत्री तोडणे म्हणजे झाड तोडणे नव्हे. ते फळ तोडण्यासारखे आहे, खरे शरीर मातीखाली सुरक्षित राहते. परंतु बाजारास आवडते ती न उमललेली कळी. नव्या उधईकुळांपैकी बहुतेकांना आईबापांकडून बियाणे मिळत नाही. पहिल्या पावसात दिव्याभोवती झेपावणाऱ्या पंखवाल्या उधयांतून जी जोडपी जगतात, त्यांची पहिली कामकरी संतती काही आठवड्यांनी बाहेर पडते व वाऱ्याने पसरलेले बीजाणू पाचोळ्याबरोबर गोळा करून आणते. छत्र्या साधारण त्याच सुमारास उमलतात. सर्वच कळ्या पुड्यांत बांधल्या गेल्या, तर ह्या नव्या संसारांस बी कोठून मिळावे? गोव्यात हीच अळमी चढ्या भावाने विकली जाते, तेथील डॉ. नंदकुमार कामत ह्यांनी तिच्या रक्षणासाठी अनेक वर्षे लेखणी झिजविली आहे. पाटीवाल्या बाईकडून उमललेली, किंचित फाटकी छत्री त्याच भावाने घेणारी गिऱ्हाइके निघाली, तर निम्मा प्रश्न बाजारातच सुटेल. चवीत काही उणे होत नाही.

पहारीने वारूळ खोदणे ही मात्र निराळी गोष्ट. ती पाड्यावरचा मनुष्य सहसा करीत नाही; ती करतात उपनगरांतील गृहसंस्था. कुंपणाशी वारूळ दिसले, की औषध ओतावयाचे, माती सपाट करावयाची आणि वर फरशी बसवावयाची! घराच्या चौकटी पोखरणाऱ्या उधईचा बंदोबस्त करणे रास्तच आहे. पण आवाराच्या टोकाला, आंब्याच्या नाहीतर शिरीषाच्या पाचोळ्यावर जगणारे वारूळ घरास काय उपद्रव देते, ह्याची चौकशी करण्याइतका धीर कोणापाशी नसतो. त्यातून पाचोळा रोज झाडून जाळला जातो. श्रावण शुद्ध पंचमीस नागोबाच्या नावाने वारुळास हळदकुंकू वाहणारी, त्या दिवशी जमीन खणू नये हे आवर्जून पाळणारी घरेही षष्ठीस औषधवाल्यास बोलावतात. उधई मेली, की त्या वारुळातील पोळ्यावर दुसरीच कवके माजतात. पुढच्या पावसात मातीतून बोटांसारख्या काळ्या काड्या वर आलेल्या दिसल्या, तर खालचे कूळ संपले असावे असे समजावे.

ज्यांच्या आवारात वारूळ अजून उभे आहे त्यांना एक काम करता येण्यासारखे आहे. छत्री उमलल्यावर तिचे वरून, बाजूने आणि खालून छायाचित्र घ्यावे. एखादीच देठासकट जपून काढून, टोपी कोऱ्या कागदावर रात्रभर उपडी ठेवून बीजाणूंचा ठसा घ्यावा, आणि मग ती मंद उष्णतेवर वाळवून कागदी पाकिटात घालावी. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत मात्र परवानगीवाचून काही उचलू नये. पाकिटावर ठिकाण, तारीख, जवळचे झाड, ताजेपणीचा रंग व वास लिहावा. वाळल्यावर ह्यांतले बरेचसे नाहीसे होते. त्याखाली एक ओळ मोकळी ठेवावी, आणि ते पाकीट घेऊन बाजारातील त्या पाटीवाल्या बाईकडे जावे. तिच्या पाड्यावर ह्या अळंबीस काय म्हणतात, ते विचारून तिच्याच उच्चाराप्रमाणे त्या ओळीत लिहून घ्यावे.