शेवटचा कर्णा केव्हां वाजेल?

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या भाषणाचा मजकूर)



महोत्सव म्हणजे गणनेचा काळ. पन्नास वर्षांत या ख्रिस्तमंदिरांत किती बाप्तिस्मे झाले, किती विवाह लागले, किती जणांना आपण येथून दफनभूमीपर्यंत पोंचविलें, याचा हिशेब जुन्या वह्यांतून काढून आपण या पुस्तिकेंत छापीत आहों. मागल्या वर्षांचा असा हिशेब करणें उचितच आहे. परंतु पुढील वर्षांचा हिशेब करण्याची हौसहि मनुष्याला फार जुनी आहे. प्रभु केव्हां येणार, त्यापूर्वीं संकटें किती वर्षें चालणार, त्यांतून कोण वर उचलला जाणार, हे प्रश्न आज मोबाईलवर येणाऱ्या प्रवचनांमुळें आपल्या घरोघरीं विचारले जात आहेत. त्यांविषयीं पवित्र ख्रिस्तसभा काय शिकविते, हें आम्ही थोडक्यांत मांडणार आहों.

या विषयाकडे आम्हांला एका माउलीनें वळविलें. तिचा तरुण मुलगा जाऊन वर्ष झालें होतें. वर्षाची मिस्सा आटोपल्यावर ती दाराशीं थांबली आणि म्हणाली, ‘फादर, प्रभु आला कीं विश्वास ठेवणारे एका क्षणांत वर उचलले जातील, बाकीचे खालीं राहतील, असें मीं ऐकलें. मी तेव्हां हयात असले तर मी जाईन. पण माझा पोर मातींत आहे. त्याचें काय?’

हाच प्रश्न सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं थेस्सलनीका नगरांतील ख्रिस्ती जनांना पडला होता. मॅसिडोनियांतील तें बंदराचें शहर. संत पौलानें तेथें मंडळी स्थापिली. पण विरोधामुळें त्याला लवकरच तें सोडावें लागलें. मागें राहिलेले नवख्रिस्ती प्रभूच्या पुनरागमनाची वाट अगदीं आजउद्यां पाहत होते. इतक्यांत त्यांच्यांतील कांहीं जण मरण पावले. प्रभु येईल त्या दिवशीं आपले हे बांधव त्या आनंदाला मुकणार काय, या चिंतेनें त्यांना घेरलें. इ. स. ५१ च्या सुमारास पौलानें त्यांना पहिलें पत्र लिहिलें. त्याच्या चौथ्या अध्यायांत तो सांगतो कीं, ख्रिस्तांत निजलेले प्रथम उठतील. मग जिवंत उरलेले त्यांच्यासमवेत मेघांमध्यें उचलले जातील, आणि सर्व मिळून प्रभूला सामोरे जातील. या शब्दांनीं एकमेकांचें सांत्वन करावें, अशी सूचना देऊन तो हा भाग संपवितो. म्हणजे ज्या उताऱ्यावरून आज वेळापत्रकें रचिलीं जातात, तो मुळांत शोकाकुल घरांस धाडिलेला सांत्वनाचा निरोप होता.

या उताऱ्यांतील ‘उचलले जाऊं’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदाशीं इंग्रजींतील ‘रॅप्चर’ या शब्दाचें नातें आहे. शब्द जुना, परंतु त्याभोंवतीं आज उभारलेली कल्पना त्या मानानें नवी आहे. जॉन नेल्सन डार्बी (१८००–१८८२) हा आयर्लंडांतील अँग्लिकन पाळक पुढें ‘प्लिमथ ब्रदरन’ या पंथाचा पुढारी झाला. १८३० नंतरच्या वर्षांत त्यानें असें प्रतिपादन केलें कीं, प्रभूचें येणें दोन टप्प्यांत आहे. प्रथम तो आपल्या लोकांना अकस्मात् उचलून नेईल. मग पृथ्वीवर महासंकटाचा काळ येईल. आणि त्यानंतर तो सर्वांसमक्ष प्रगट होऊन हजार वर्षें राज्य करील. १९०९ सालीं निघालेल्या, स्कोफील्ड यांच्या टीपांसहित छापलेल्या बायबलानें हा विचार दूरवर पोंचविला, आणि १९९५ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘लेफ्ट बिहाइंड’ या कादंबऱ्यांनीं तो लोकप्रिय केला.

महासंकटाचीं सात वर्षें दानिएलाच्या ग्रंथांतील नवव्या अध्यायावरून मोजिलीं जातात. परंतु तीं मानणाऱ्यांतहि एकमत नाहीं. उचललें जाणें संकटापूर्वीं होईल असें कोणी म्हणतात. साडेतीन वर्षें लोटल्यावर, मध्यावर होईल असें कोणी. तर संकट संपल्यावरच होईल असें आणखी कोणी. हे आपले बांधव पवित्र शास्त्रावर प्रेम करणारे आहेत. त्यांची थट्टा करणें आपल्याला शोभत नाहीं. मात्र शास्त्र काय म्हणतें तें आपणहि शांतपणें पाहिलें पाहिजे.

मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायांत प्रभु स्वतः निवडलेल्यांना एकत्र करण्याचा प्रसंग संकटाच्या नंतर ठेवितो, आणि तोहि कर्ण्याच्या मोठ्या नादासह. पौलाच्या उताऱ्यांतहि आज्ञेची हांक आहे, आद्यदूताची वाणी आहे आणि कर्णा आहे. एवढ्या गजरांत येणारा राजा गुपचूप आला, असें कसें म्हणावें? शेतांतील दोघांपैकीं एक घेतला जाईल व एक ठेविला जाईल, हें वचन पुष्कळांना भिवविणारें वाटतें. परंतु त्याच्या आधींच प्रभूनें नोहाच्या दिवसांचा दाखला दिला आहे. त्या दिवसांत पुरानें ज्यांना नेलें ते बेसावध होते. नोहा आणि त्याचें कुटुंब मागें उरलें. तेव्हां ‘मागें राहणें’ या दोन शब्दांनींच घाबरून जाण्याचें कारण नाहीं. प्रभूचा रोख जागृत असण्यावर आहे.

पौलानें वापरलेला ‘सामोरे जाणें’ या अर्थाचा ग्रीक शब्दहि लक्षांत घेण्यासारखा आहे. दहा कुमारींच्या दृष्टांतांत वराला सामोरे जाण्याविषयीं तोच शब्द आला आहे. संत पौल रोमला येत असतां तेथील ख्रिस्ती बंधु अप्पियाची बाजारपेठ व तीन उतारशाळा येथपर्यंत त्याला सामोरे गेले, तेथेंहि तोच शब्द आहे. ते बंधु पौलाला भेटून भलतीकडे निघून गेले नाहींत; त्याच्याबरोबर नगराकडे आले. हा अर्थ आपल्याला परका नाहीं. बिशप महाशय दृढीकरणासाठीं येतात तेव्हां आपण बँड घेऊन वेशीपर्यंत जातों. तें गांव सोडून जाण्यासाठीं नसतें. येणाऱ्याला मानानें आंत आणावें, म्हणून आपण पुढें होतों. प्रभूच्या दिवशींहि आपलें सामोरें जाणें असेंच असेल, अशी आमची समजूत आहे.

ख्रिस्तसभेची शिकवण सरळ आहे. प्रभु वैभवानें पुन्हां येईल आणि जिवंतांचा व मृतांचा न्याय करील, हें आपण रविवारच्या मिस्सेंत विश्वासांगीकार म्हणतांना कबूल करितों. त्यांत एकाच पुनरागमनाचा उल्लेख आहे. प्रकटीकरणांतील हजार वर्षें म्हणजे ख्रिस्तसभेचा चालू काळ, असा अर्थ संत ऑगस्टीननें आपल्या ‘देवाचें नगर’ या ग्रंथांत लाविला. अंतिम न्यायापूर्वीं ख्रिस्त दृश्य रूपानें पृथ्वीवर राज्य करावयास येईल, हें मत निर्धोकपणें शिकवितां येत नाहीं, असा निर्णय रोमहून १९४४ सालीं देण्यांत आला. आणि १९९२ सालीं प्रसिद्ध झालेला धर्मशिक्षणग्रंथ सांगतो कीं, प्रभूच्या येण्यापूर्वीं ख्रिस्तसभेला एका शेवटच्या कसोटींतून जावें लागेल. संकट टाळून वर जाण्याची हमी आपल्याला दिलेली नाहीं. ज्या गुरूनें क्रूस टाळला नाहीं, त्याच्या शिष्यांना ती कशी मिळावी? संकटांत तो आपल्याबरोबर राहील, हें अभिवचन मात्र आहे.

राहिला तारखेचा प्रश्न. तो दिवस व ती घटका पित्यावांचून कोणासहि ठाऊक नाहीं, असें प्रभूनें सांगितलें आहे. १५१६ सालीं पांचव्या लॅटरन परिषदेनें प्रवचनकारांना न्यायाच्या दिवसाची वेळ ठरवून सांगण्याची मनाई केली. तरीहि मोह सुटत नाहीं. अमेरिकेंतील विल्यम मिलर या शेतकरी प्रवचनकाराच्या गणितावरून त्याच्या अनुयायांनीं पुनरागमनासाठीं २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस धरिला. कित्येकांनीं शेतांतील पीकसुद्धां काढलें नाहीं. दिवस उजाडला आणि मावळला. हॅरल्ड कॅम्पिंग या नभोवाणीवरील वक्त्यानें २१ मे २०११ रोजीं उचललें जाणें होईल असें जाहीर केलें. कित्येकांनीं आपली शिल्लक त्या प्रचारांत खर्चिली. तोहि दिवस गेला, आणि पुढल्या वर्षीं त्यानें आपली चूक कबूल केली. चूक एका माणसाची. पण रिकाम्या झालेल्या घरांचें व खचलेल्या श्रद्धेचें नुकसान कोण भरून देणार? थेस्सलनीकेंतहि कांहीं जण कामधंदा सोडून बसले होते. जो काम करणार नाहीं त्यानें खाऊंहि नये, असें पौलानें त्यांना दुसऱ्या पत्रांत बजाविलें.

बंधुभगिनींनो, ‘ज्युबिली’ या शब्दाचें मूळ हिब्रू ‘योबेल’ या शब्दांत सांपडतें. योबेल म्हणजे मेंढ्याचें शिंग. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत आज्ञा आहे कीं, पन्नासाव्या वर्षीं, प्रायश्चित्ताच्या दिवशीं, देशभर शिंग फुंकावें. दासांनीं मुक्त होऊन आपापल्या कुटुंबाकडे परत जावें. विकलेली जमीन ज्याची त्याला मिळावी. तो नाद ऐकून गरीब घाबरत नसे. आतां घरीं जावयाचें, एवढेंच त्याला कळत असे. शेवटच्या कर्ण्याकडेहि आपण असेंच कान लावावे. तो केव्हां वाजेल हें आपल्याला ठाऊक नाहीं. परंतु कोणाच्या घरीं जावयाचें तें ठाऊक आहे.

त्या माउलीला आम्हीं सांगितलें, ‘बाई, संत पौल म्हणतो कीं ख्रिस्तांत निजलेले आधीं उठतील. तुमचा मुलगा मागें राहिलेला नाहीं. त्याच्यासाठीं मिस्सा अर्पण करीत जा, प्रार्थना सोडूं नका. त्या दिवशीं तुम्हांला एकटीनें जावें लागणार नाहीं.’ ती कांहीं बोलली नाहीं. पण २ नोव्हेंबरला दफनभूमींत आम्हीं तिला पाहिलें. मुलाच्या थडग्यावर तिनें मेणबत्ती लाविली होती, आणि शेजारच्या, कोणी वारस न उरलेल्या थडग्यावरहि एक लाविली होती.

पुढील पन्नास वर्षें या धर्मग्रामाला मिळोत वा न मिळोत, प्रभु येईल तेव्हां आपण कामांत, प्रार्थनेंत आणि एकमेकांच्या सोबतींत आढळावें, एवढीच याचना करूं या. ये, प्रभु येशू. आमेन.