दुखणे मोजावे कसे?



आमच्या पिंपरी पेंढार भागात कांद्याची लावणी सुरू झाली की माझ्या हजेरीपटात काही मुलींची गैरहजेरी वाढते. विचारावे तर उत्तर येते, "सर, अम्मीची कंबर धरली आहे." आईचे दुखणे असे मुलीच्या शिक्षणावर येते. म्हणून आज हा विषय घेतला.

आपल्याच पुणे जिल्ह्यात, भिगवण येथे १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुढाकाराने, जागतिक आरोग्य संघटनेच्या 'कॉपकॉर्ड' योजनेखाली घरोघर पाहणी झाली. ४,०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना, म्हणजे शेकडा १८ जणांना, हाडे, सांधे व स्नायूंच्या तक्रारी होत्या. तेव्हा हे दुखणे एखाद्याच घरचे नाही.

ताप थर्मामीटर सांगतो. दुखण्याला असे यंत्र नाही. क्ष-किरण चित्रात झीज जास्त, म्हणून दुखणेही जास्त, असे नेहमी नसते. म्हणून रुग्णालाच विचारतात : शून्य म्हणजे दुखत नाही, दहा म्हणजे असह्य, तुमचे किती? त्याहून मोलाचा प्रश्न : तुम्हाला काय करता येते? अमेरिकेत १९८० साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका प्रश्नावलीचे भारतीय रूप करताना मांडी घालून व उकिडवे बसण्याविषयी विचारावे लागले. आपले जगणे जमिनीवरचे. मापही तसेच हवे.

माझ्या अम्मीचे गुडघे दुखत. शिकवलेला व्यायाम दीड महिना करून ती म्हणाली, "काही फरक नाही, सोडते." मी वही उघडली. दुखण्याचा आकडा सातावरून सहावर, एवढेच. पण आधी ती नमाज खुर्चीवर पढत असे. आता सजदा जमिनीवर होत होता. ते वाचून तिने व्यायाम चालू ठेवला.

पालकहो, जुन्या दुखण्यात नुसते पडून राहू नका. डॉक्टरांच्या सल्ल्याने व्यायाम करा, दर आठवड्याला लिहून ठेवा आणि ती वही त्यांना दाखवा. मात्र पायातील शक्ती जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे किंवा ताप येणे ही लक्षणे दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

विद्यार्थ्यांनो, ही वही तुम्ही लिहा. मुलगेहो, घरकाम वाटून घ्या. बहिणीची हजेरी पुरी भरली, तर घरचा इलाज नीट चालला आहे असे मी समजेन.